क्लच केबल काढून हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग बसवतेय, गिअरबॉक्स जोडण्याआधी कुणीतरी मापं तपासा

अर्धीगाडी:

नमस्कार मंडळी,

वर्षभरात तिसरी क्लच केबल तुटली. तिन्ही वेळा एकाच जागी, पेडलकडच्या टोकाला, जिथे तारा शेवटच्या गोळीत शिरतात तिथेच. पहिली तुटली तेव्हा केबलला शिव्या घातल्या, दुसरीच्या वेळी नशिबाला. तिसरी हातात घेऊन नीट पाहिली तेव्हा पटलं की दोष माझाच. फ्रेम वेल्ड करताना इंजिन कुठे, पाय कुठे, टाकी कुठे, सगळं मोजलं होतं. केबल कुठून जाणार हे मात्र मनातही आलं नव्हतं. आता ती स्टिअरिंग कॉलमला वळसा घालते, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून चार बोटांवरून जाते आणि फोर्कपाशी (क्लच दाबणाऱ्या तरफेपाशी) जवळजवळ काटकोनात वळते. आतलं प्लास्टिकचं अस्तर तापून मऊ पडतं, तार त्यात रुतते आणि पेडल दगडासारखं होतं. गर्दीत अर्धा तास गेला की डावा गुडघा बोलायला लागतो.

गाडीची कुंडली: दोन आसनं, हाताने वेल्ड केलेली नळ्यांची फ्रेम, फोर्डचं २.० झेटेक इंजिन, त्यामागे फोर्डचाच टाइप ९ गिअरबॉक्स. क्लच २२० मिमी, साधी ऑरगॅनिक (मऊ अस्तराची) प्लेट, नवीकोरी. ही प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटसोबतच्या कागदावर रिलीज ट्रॅव्हल (क्लच सुटायला लागणारा प्रवास) ८ ते ९ मिमी आणि फिंगरवर, म्हणजे तिच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या मधल्या पात्यांवर, लागणारा जोर १४०० न्यूटन दिलाय.

फोर्क, त्याचा पिव्हट आणि जुनं बेअरिंग काढून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती बसणारं, तेलाच्या दाबाने पुढे सरकून फिंगर दाबणारं हायड्रॉलिक बेअरिंग घालायचं ठरवलंय. बेअरिंग आणलंय. त्याच्या पिस्टनचा बाहेरचा व्यास ४४ मिमी, आतला ३४, पूर्ण स्ट्रोक २० मिमी. सोबतचा माहितीचा कागद म्हणजे एक चित्र आणि सहा ओळी. पेडलचं प्रमाण ५:१ आहे, पेडल खाली १५० मिमी जातं. ब्रेकसाठी आणलेला एक पाऊण इंची मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा) जास्तीचा पडून आहे, तोच क्लचला लावायचा विचार आहे.

तर, तो मास्टर चालेल का? बेअरिंग आणि डायफ्रॅमच्या फिंगरमध्ये किती अंतर ठेवायचं? कागदावर ३ ते ५ मिमी म्हटलंय. आणि बॉक्स एकदा चढवल्यावर परत उतरवायची वेळ येऊ नये म्हणून आधी काय काय बघून ठेवू? फ्रेम अशी बांधलीय (पुन्हा मीच!) की बॉक्स काढायचा तर इंजिनसकट वर उचलावा लागतो.

दुसरागिअर:

ताई, बॉक्स काढायला इंजिन उचलावं लागत असेल तर हा उद्योग करूच नका असं माझं स्पष्ट मत. फोर्क आहे तसा ठेवा, बाहेरून एक साधा स्लेव्ह सिलिंडर (मास्टरच्या तेलाने हलणारा) लावा आणि त्याच्या रॉडने फोर्क ढकला. गळला तर दोन बोल्ट काढले की हातात. आतलं बेअरिंग गळलं तर आख्खी गाडी उघडायची. सील किती रुपड्याचं आहे हे तेव्हा कुणी विचारत नाही.

अर्धीगाडी:

तुमचं म्हणणं मलाही पटतं आणि पहिला विचार तोच होता. पण फोर्क जिथून बाहेर येतो तिथे फ्रेमची खालची नळी बेलहाउसिंगपासून (क्लचभोवतीच्या घरापासून) ३१ मिमीवर आहे. पुठ्ठ्याचा सिलिंडर करून बसवून पाहिला. ब्रॅकेट मावतं, सिलिंडर मावतो, पण रबरी होस लावायला पाना फिरवायला जागा उरत नाही. शिवाय केबल फोर्क ओढते, स्लेव्हला तो ढकलायचा असतो. म्हणजे स्लेव्ह फोर्कच्या दुसऱ्या अंगाला हवा, आणि त्या अंगाला स्टार्टर मोटर बसलीय. नळी कापून वळवायची माझी तयारी आहे, पण ती नळी मागच्या सस्पेन्शनचा भारही घेते.

लेथकाका:

जागाच नाही तर बाहेरच्या स्लेव्हचा वाद इथेच संपला. आता हिशोब करू. या कामात वेळ पाना चालवण्यात जात नाही, मोजण्यात जातो. आणि न मोजता केलं तर मग पानाच पाना.

आधी मास्टर. तुमच्या बेअरिंगच्या पिस्टनचं क्षेत्रफळ म्हणजे ४४च्या वर्तुळातून ३४चं वर्तुळ वजा, ६१३ चौरस मिमी येतं. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, त्याचं क्षेत्रफळ २८५. पेडल १५० जातं, प्रमाण ५:१, म्हणजे मास्टरचा पिस्टन ३० मिमी सरकतो. जेवढं तेल मास्टरमधून निघालं तेवढंच बेअरिंगमागे शिरलं. २८५ गुणिले ३० भागिले ६१३, साधारण १४ मिमी. तुमच्या प्रेशर प्लेटला हवेत ८ ते ९. वरचे पाच मिमी काय करणार? फिंगर वाजवीपेक्षा आत दाबणार, प्लेटच्या हबवर नेऊन घासणार किंवा डायफ्रॅमला कायमचा बाक आणणार. लोक म्हणतात पेडल मऊ आहे, काय बिघडतं, पूर्ण दाबा. तिथेच बिघडतं.

५/८ इंची मास्टर घेतला तर व्यास १५.८८, क्षेत्रफळ १९८. पूर्ण ३० मिमीला ९.७ मिमी. पण ३० मिमी कधीच पूर्ण मिळत नाहीत. पुशरॉडला (पेडलकडून मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) मिलिमीटरभर मोकळीक ठेवायची असते, मग मास्टरच्या सीलला टाकीकडचं बारीक भोक झाकायला आणखी मिलिमीटर-दीड मिलिमीटर जातं. २७.५ धरा. येतात ८.९. अगदी मापात. मधला ०.७ इंची घेतला तर ११.१ येतात, त्याला पेडलखाली स्टॉप लावावाच लागेल.

आता गुडघ्याचं. १४०० न्यूटन भागिले ६१३, म्हणजे लाइनमध्ये साधारण २३ बार दाब. पाऊण इंचीवर तो पेलायला पायाला १३० न्यूटन लागतात, ५/८ वर ९०. सिलिंडर जेवढा बारीक तेवढं पेडल हलकं आणि प्रवास जास्त, फुकट काही नाही. तुमच्या तक्रारीला ५/८ हेच उत्तर आहे. अट एकच: होस स्टीलच्या जाळीचा, आतून टेफ्लॉनचा घ्या. साधा रबरी होस दाबाखाली फुगतो आणि तुमच्याकडे फुगण्यात घालवायला अर्धा मिमीसुद्धा नाही.

पाऊण इंची राहू द्या ब्रेकलाच.

आता अंतर. टाइप ९चं बेलहाउसिंग बॉक्सपासून सुटं होतं ही देवाची कृपा समजा. क्लच फ्लायव्हीलवर पूर्ण टॉर्कने आवळा, बेलहाउसिंग इंजिनला आवळा. हात लावून बसवलेल्या क्लचवर माप घेऊ नका. बोल्ट आवळल्याशिवाय फिंगर आपल्या खऱ्या जागी येत नाहीत. बेलहाउसिंगच्या मागच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवा आणि तिथून फिंगरच्या टोकापर्यंत डेप्थ व्हर्नियरने मोजा. तीन फिंगरवर, १२० अंशांवर. हे झालं ‘अ’. मग बॉक्सवर बेअरिंग बसवा, पिस्टन पूर्ण आत दाबा, आणि बॉक्सच्या पुढच्या तोंडापासून बेअरिंगच्या तोंडापर्यंत मोजा. हे ‘ब’. मध्ये गॅस्केट किंवा अडॅप्टर प्लेट असेल तर तीही धरा. अ वजा ब, तेवढी फट. इथे टाका, मग पुढे बोलू.

एक गोष्ट मात्र आजच पाटीवर लिहून टांगा: बॉक्स जोडलेला नसताना पेडल दाबायचं नाही. मी दाबलं होतं, ‘बघू तरी हलतंय का’ म्हणून. समोर अडवायला काही नव्हतं, पिस्टन बाहेर येऊन मांडीवर पडला, सील दुमडलं, आणि डॉट ४ चं (ब्रेक-क्लचच्या तेलाचं) अर्धं डबकं नुकत्याच रंगवलेल्या बॉनेटवर. तो रंग दुसऱ्या दिवशी नखाने निघत होता.

टेस्टपीस:

काकांनी बेअरिंगच्या तोंडाबद्दल लिहिलं नाही म्हणून भर. डायफ्रॅमच्या फिंगरची टोकं गोलाईने वळलेली असतील तर बेअरिंगचं तोंड सपाट हवं. फिंगर सपाट असतील तर बेअरिंगचं तोंड गोलाईचं हवं. दोन्ही सपाट असले तर कडेवर घासतात, दोन्ही गोल असले तर टेकण्याची जागा दर वेळी सरकते. आणि बेअरिंग फिंगरच्या टोकाच्या थोडं आत टेकायला हवं, अगदी टोकाला नको. निळं मार्किंग लावून एकदा ठसा घ्या.

दुसरं, बेअरिंगची बॉडी फिरू नये म्हणून पिन किंवा बोल्ट असतो. तो विसरला तर बॉडी शाफ्टबरोबर फिरायला बघते आणि दोन्ही होस पिळवटतात. हे गोष्टीतलं सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलंय. होस सुतळीसारखे झाले होते.

दुसरागिअर:

माझा विरोध मागे. पण ठेच लागलेला एक सल्ला घ्याच. आटे तपासा. माझ्या मास्टरच्या तोंडाला एम १० × १ चे आटे होते आणि होसचं टोक ३/८ इंच यूएनएफ, २४ आट्यांचं. दिसायला सख्खी भावंडं. ३/८ म्हणजे ९.५ मिमी, त्यामुळे ते दहाच्या भोकात गेलंही, थोडं सैल. मला वाटलं, सोपं जातंय, छान. आवळताना ‘कर्र’ झालं तेव्हा मास्टरचे आटे गेले होते. नवं टोक हाताने चार फेरे सहज जायला हवं आणि जाताना डुगडुगता कामा नये. डुगडुगलं की थांबा.

अर्धीगाडी:

मापं घेतली. रविवारची दुपार गेली, पण पहिल्यांदाच असं वाटलं की मी गाडी बांधतेय. आतापर्यंत जोडत होते.

अ: ७१.४, ७१.३, ७१.५. सरासरी ७१.४ धरते.
ब: ५८.२.
गॅस्केट नाही, अडॅप्टर नाही.
फट १३.२ मिमी.

कागदावर ३ ते ५ आहे. म्हणजे मागे ९ मिमीचा स्पेसर घातला की फट ४.२. बरोबर ना? पट्टीवरून फिंगर वळलेले दिसताहेत, बेअरिंगचं तोंड सपाट आहे, टेस्टपीस यांचे आभार. फिरू न देणारा बोल्ट आहे, आणि तो गाइड ट्यूबच्या (इनपुट शाफ्टभोवतीच्या नळीच्या) एका बोल्टच्या जागी जातो.

टेस्टपीस:

४.२ म्हणजे कागदाच्या मधोमध. घाला नऊचा, प्रश्न मिटला.

लेथकाका:

थांबा थांबा, नऊ कापू नका.

आधी स्पेसर का लागतो ते. काहीच न घालता बसवलं असतं तर बेअरिंग १३.२ जाऊन फिंगरला टेकलं असतं आणि तिथून आणखी ९ ढकलायचं होतं. झाले २२.२. पिस्टनचा स्ट्रोक २०. म्हणजे पहिल्याच दिवशी सील बाहेर. तेव्हा स्पेसर हवाच.

पण किती? ती फट कशासाठी असते ते बघा. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि फिंगरची टोकं उलट दिशेला, बॉक्सकडे येतात. बऱ्याच जणांच्या डोक्यात हे उलटं असतं. बेअरिंगला त्यांच्याबरोबर मागे सरकायला जागा हवी. जागा संपली की बेअरिंग बुडाला टेकतं, फिंगर त्याच्यावर रेलून राहतात आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. पायाने नाही, आपोआप. मग घसरतो, तापतो, आणखी झिजतो.

डायफ्रॅम म्हणजे तरफ. प्रमाण साधारण ३ ते ४. प्लेट १ मिमी झिजली की फिंगर ३ ते ४ मिमी मागे येणार. ४.२ च्या फटीत प्लेट एक-सव्वा मिमी झिजली की खेळ खल्लास. रेसच्या सिंटर्ड (धातूच्या भुकटीच्या) प्लेटला तेवढं पुरतं, ती पातळ, तिला झिजायला फारसं काही नसतंच, आणि असे बरेच कागद ती डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असतात. तुमची ऑरगॅनिक, रिव्हेटपर्यंत दोन्ही बाजू मिळून २ मिमी सहज झिजेल. म्हणजे ७ मिमी फट हवी.

स्पेसर ६ मिमीचा करा. फट ७.२. दाबल्यावर पिस्टन ७.२ अधिक ९, १६.२ वर. २० पर्यंत ३.८ हाताशी. आणि मजा अशी की प्लेट जसजशी झिजेल तसतसा पिस्टन आतच जाणार, म्हणजे बाहेर पडण्याचा धोका दर किलोमीटरला कमी होणार. सगळ्यात धोक्याचा दिवस पहिला.

फक्त एवढं करा: बेअरिंग बनवणाऱ्याला तुमची प्लेट कोणती ते सांगून विचारा. ७ ला त्यांची हरकत असण्याचं कारण मला दिसत नाही, पण बेअरिंग त्यांचं आहे.

स्पेसर अल्युमिनियमचा चालेल. दोन्ही तोंडं एकाच पकडीत टर्न करून घ्या, उलटा धरून दुसरं तोंड मारलं तर समांतरपणाची हमी नाही. तिरपं बसलं की बेअरिंग एका बाजूने फिंगर दाबणार आणि पेडलला थरथर येणार. आणि आतला व्यास गाइड ट्यूबवर सरकून बसेल एवढाच ठेवा, ढिला नको.

टेस्टपीस:

मान्य, काका. माझी गाडी ट्रॅकवरची, त्यामुळे डोक्यात तीच प्लेट होती. नऊचा सल्ला मागे घेतो.

अर्धीगाडी:

बनवणाऱ्यांना मेल केली होती. उत्तर दोन ओळींचं: रस्त्यावरच्या ऑरगॅनिक प्लेटसाठी ६ ते ८ ठेवा, पूर्ण बाहेर आल्यावर किमान २ मिमी स्ट्रोक शिल्लक हवा. काका, तुमचा ६ चा स्पेसर पास. हे त्या सहा ओळींत सातवी ओळ म्हणून छापायला काय हरकत होती कुणास ठाऊक.

टर्न करून आणलाय, पाच जागी मायक्रोमीटर लावला, ६.०१ ते ६.०२. गाइड ट्यूब काढावी लागतेय का असं वाटलं होतं, पण माझं बेअरिंग ट्यूबवरूनच सरकतं.

लेथकाका:

ट्यूब काढायची नाही हे उत्तम. टाइप ९ मध्ये इनपुट शाफ्टचं ऑइल सील त्याच ट्यूबच्या बुडात बसलेलं असतं. ज्या बेअरिंगला ट्यूब काढावी लागते त्यांच्या बॉडीत सीलची जागा दिलेली असते. ती न बघता लोक ट्यूब फेकून देतात आणि बॉक्सचं तेल प्लेटवर येतं. ट्यूब जागेवर असली तरी ते सील आत्ताच बदला. बॉक्स बाहेर आहे तोवर पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टच्या टोकाला क्रँकमध्ये आधार देणारं) आणि क्रँकचं मागचं सीलसुद्धा. तिन्ही मिळून तासाभराचं काम, नंतर इंजिन उचलायचं काम.

मिश्रधातू:

होसबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही. बेअरिंगमधून दोन लाइन निघतात, एक तेल आत आणणारी, एक हवा काढणारी. बसवताना हवेची लाइन घड्याळातल्या बाराच्या जवळ यायला हवी. खाली आली तर हवा वर अडकून बसेल आणि दिवसभर पेडल मारलंत तरी निघणार नाही. दोन्ही होस जुन्या फोर्कच्या भोकातून बाहेर काढा, भोकाला ग्रोमेट लावा, आणि बॉक्स जोडल्यावर त्याच भोकातून टॉर्च मारून बघा की होस फिरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या कव्हरपासून लांब आहेत. क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. हवेच्या लाइनचं निपल बाहेर, वरच्या बाजूला, पाना पोहोचेल तिथे पत्र्यावर घट्ट बसवा.

हवा काढताना पेडल धडाधड मारू नका. निपल उघडा ठेवून तेल आपल्या वजनाने उतरू द्या, टाकी रिकामी होऊ देऊ नका. नाहीच जमलं तर खालून, निपलमधून सिरिंजने सावकाश वर ढकला. बुडबुड्यांना तसंही वरच जायचं असतं.

ब्रेकच्या कामातून शिल्लक राहिलेला रेसिड्युअल व्हॉल्व्ह हातात असेल तर तो क्लचच्या लाइनमध्ये घालू नका, तो लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो आणि बेअरिंग कायम फिंगरवर दाबलेलं राहतं. टाकी ब्रेकशी सामायिक ठेवू नका. ठेवायचीच असेल तर मध्ये आडभिंत असलेली घ्या. क्लच गळला म्हणून ब्रेकचं तेल जाता कामा नये. आणि सीलचं रबर कोणतं ते कागदावर बघा. ईपीडीएम असेल तर डॉट ४, त्याला मिनरल ऑइल लागलं की ते फुगतं.

अर्धीगाडी:

चार आठवड्यांनी परत आलेय. थोडक्यात: जमलं. सविस्तर: जमलं, मग बिघडलं, मग जमलं.

५/८ मास्टर, जाळीचे होस, ६ मिमीचा स्पेसर. हवा वजनाने उतरवायला पाऊण तास लागला, सिरिंज लागली नाही. बॉक्स जोडल्यावरच पेडल दाबलं (पाटी खरंच टांगली होती). फोर्कच्या भोकातून व्हर्नियरचं शेपूट घालून बेअरिंगचा प्रवास मोजला, ८.६ मिमी. काकांच्या ८.९ पेक्षा जरा कमी, पण गाडी स्टँडवर, पहिला गिअर, पेडल दाबून चाक हाताने फिरवलं तर मोकळं फिरतं. इंजिन चालू करून रिव्हर्सला तीन सेकंद थांबून टाकला, आवाज नाही. पेडल मात्र! पहिल्यांदा दाबलं तेव्हा वाटलं काहीतरी सुटलंय, इतकं हलकं.

पहिले दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी चढावर चौथ्या गिअरला इंजिनचे फेरे वाढले आणि वेग वाढेना. क्लच घसरतोय. नवी प्लेट! सील गळून प्लेट भिजली असणार असं समजून मी इंजिन उचलायच्या साखळ्यासुद्धा काढून ठेवल्या. थंड झाल्यावर मात्र ठणठणीत. गरम झाली की परत तेच.

लेथकाका:

साखळ्या परत टांगा. गरम असताना घसरेल तेव्हा गाडी थांबवून हवेचं निपल क्षणभर सैल करा. तेल पिचकारीसारखं आलं आणि क्लच लगेच सुधारला तर लाइनमध्ये दाब अडकलाय. पुशरॉडची मोकळीक बघितली होती का?

अर्धीगाडी:

काका, पिचकारी आली. चष्म्यावर.

पुशरॉडला मोकळीक शून्य होती. उलट पेडल थोडं पुढे यावं म्हणून मी रॉड दोन फेरे लांब केला होता, आणि मास्टरचा पिस्टन कधी पूर्ण मागे येतच नव्हता. टाकीकडचं भोक कायम झाकलेलं. मॅनिफोल्डच्या उष्णतेने तेल फुगलं की जायला जागा नाही, मग बेअरिंगच ढकलत राहिलं. रॉड आखूड करून १ मिमी ठेवली. पेडल त्यामुळे जरा खाली आलं, तर पेडलच्या परतीच्या स्टॉपखाली एक वॉशर घातला. लाइनवर उष्णतारोधक बाहीही चढवली.

प्लेट जळल्याचा वास नाही आला. ४०० किमी झाले त्यानंतर, चढ, गर्दी, सगळं.

दुसरागिअर:

आणि गळती? तिथेच माझी भीती अजून बसलीय.

लेथकाका:

बेलहाउसिंगच्या खाली थेंब दिसला तर लगेच घाबरू नका, आधी तो कोणाचा ते ओळखा, कारण इंजिनचं, बॉक्सचं आणि क्लचचं तिन्ही तेलं एकाच भोकातून टपकतात. बोटावर घ्या आणि पाण्याखाली धरा. डॉट ४ पाण्यात मिसळून धुवून जातं, बाकीची दोन बोट तेलकटच ठेवतात. त्यातल्या बॉक्सच्या तेलाला गंधकाचा वास असतो, तो एकदा घेतला की विसरत नाही.

अर्धीगाडी:

रोज रात्री बेलहाउसिंगखाली पांढरा पुठ्ठा सरकवतेय. आज सकाळी त्यावर एक डाग होता, पोटात गोळा आला. पाण्याखाली धरला, गेला नाही. वास घेतला, गंधक नाही. इंजिनच्या सम्पचा ड्रेन बोल्ट मीच नीट आवळला नव्हता.